क्वेस्ट ३ डोक्यावर हलका कसा बसेल: पट्टे, मागची बॅटरी आणि गालावरचा दाब

मेटाचा क्वेस्ट ३ हा डोक्यावर घालून आभासी जग बघायचा व्हीआर हेडसेट काट्यावर ५१५ ग्रॅम भरतो. आधीचा क्वेस्ट २ होता ५०३ ग्रॅमचा. नवा हेडसेट बारा ग्रॅमने जडच झाला, तरी चेहऱ्यावर तो जुन्यापेक्षा सुसह्य वाटतो, आणि याचं श्रेय लेन्सला. क्वेस्ट २ मधल्या फ्रेनेल लेन्सना पडद्यापासून बरंच अंतर लागायचं, म्हणून पुढचा डबा लांब. क्वेस्ट ३ मधल्या पॅनकेक लेन्स प्रकाशाला आतल्या आत मागेपुढे परतवतात. तेच अंतर कमी जागेत बसतं, आणि मेटाच्या सांगण्याप्रमाणे लेन्स आणि पडद्याचा भाग ४० टक्क्यांनी बारीक झाला. वजन तेवढंच राहिलं, पण चेहऱ्याच्या जवळ आलं. हेडसेट हलका करण्याच्या सगळ्या खटपटीचं मर्म इथेच आहे.

तरीही खोक्यातून निघालेला कापडी पट्टा लावून अर्धा-पाऊण तास खेळलं की गालांवर वळ उठतात, भुवयांच्या वर ठणकतं आणि मान पुढे ओढली गेल्यासारखी वाटते. या तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. बाजारात ‘हलकं वाटेल’ म्हणून विकला जाणारा जवळपास प्रत्येक पट्टा एकूण वजन वाढवतो. त्यामुळे ग्रॅम बघून खरेदी केली तर पैसे वाया जातात. भार कपाळाच्या हाडावर येतोय की गालाच्या मऊ भागावर, आणि पुढची ओढ मागे कशाने पेलली आहे, एवढं आधी बघावं.

मानेचं गणित

डोकं मणक्यावर टेकतं ती जागा साधारण दोन्ही कानांच्या मधोमध, थोडी खाली. हेडसेटचा गुरुत्वमध्य तिथून अंदाजे १३ सेंटिमीटर पुढे पडतो. पट्टा वगळून पुढचा भाग ४०० ग्रॅमचा धरला, तर ४०० गुणिले १३, म्हणजे ५२०० ग्रॅम-सेंटिमीटरची ओढ मानेच्या मागच्या स्नायूंना सतत पेलावी लागते. डोक्याच्या मागे, कानापासून ११ सेंटिमीटरवर वजन लावून पूर्ण तोल साधायचा तर ५२०० भागिले ११, सुमारे ४७० ग्रॅम हवेत. एवढं कुणी लावू नये. डोक्यावर एक किलोच्या आसपास ओझं होतं आणि मणक्यावरचा उभा भार वाढतो तो वेगळाच. २०० ते २५० ग्रॅम मागे आले की ओढ निम्म्याच्या जवळपास उतरते, आणि बहुतेकांना तेवढं पुरतं.

मागे वजन लावण्याची किंमतही मोजावी लागते, आणि ती विक्रेते सांगत नाहीत. वजन फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो. वरच्याच आकड्यांत, पुढच्या भागाचं जडत्व ४०० गुणिले १३ गुणिले १३, म्हणजे ६७,६००. मागच्या २०० ग्रॅमनी त्यात २४,२०० ची भर पडते. ही वाढ एक तृतीयांशाहून थोडी जास्त झाली, आणि यात डोक्याचं स्वतःचं जडत्व धरलेलं नाही. सिनेमा बघताना, व्हर्च्युअल पडद्यावर काम करताना, विमानाच्या सिम्युलेटरमध्ये याचा त्रास नाही. तालावर खेळायच्या बीट सेबरमध्ये झटक्यात मान वळवली की मात्र हेडसेट किंचित उशिरा वळतो आणि तेवढाच पुढे सरकतो. उड्या-बैठकांच्या व्यायामात तर मागचं वजन वर-खाली आपटतं. बसून खेळणाऱ्याचा आणि नाचत खेळणाऱ्याचा पट्टा एकच असू शकत नाही.

वजन वाढवून आराम मिळतो हे काही पट्टे विकणाऱ्यांनी काढलेली टूम नाही. २०१६ मध्ये आलेला सोनीचा पहिला प्लेस्टेशन व्हीआर ६१० ग्रॅमचा होता, त्याच वर्षीचा ऑक्युलस रिफ्ट ४७० ग्रॅमचा. तरी तासन्‌तास घालायला लोक सोनीचंच नाव घेत, कारण त्याचं वजन कपाळावरच्या कड्यावर होतं आणि डबा चेहऱ्यासमोर नुसता लोंबकळत होता. अॅपलचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २०२४ चा पहिला व्हिजन प्रो ६०० ते ६५० ग्रॅम होता, तोही ३५३ ग्रॅमची बॅटरी तारेने खिशात ठेवून. ऑक्टोबर २०२५ मध्ये एम५ चिपचा व्हिजन प्रो आला, त्याबरोबर डोक्यावरून आणि मागून जाणारा दुहेरी विणलेला पट्टा दिला. त्याच्या खालच्या पट्टीत टंगस्टनचे तुकडे घातले आहेत, निव्वळ तोल साधायला. एकूण वजन ७५० ते ८०० ग्रॅमवर गेलं. ग्रॅमसाठी जीव टाकणाऱ्या कंपनीने मुद्दाम धातू भरला, कारण पुढची ओढ मोडायला दुसरा स्वस्त मार्ग नव्हता.

खोक्यातला कापडी पट्टा

हा सगळ्यात हलका, आणि बसण्यात सगळ्यात कमजोर. लवचीक असल्यामुळे हेडसेट चेहऱ्यावर दाबूनच तो धरून ठेवू शकतो. घसरायला लागला की लोक बाजू आवळतात, दाब गालावर वाढतो, आणि घामाने पुन्हा घसरतो.

नवा पट्टा घेण्याआधी हाच नीट बसवून बघा, कारण निम्मी तक्रार बसवण्याच्या पद्धतीतून येते. मागचा वाय आकाराचा फाटा बहुतेक जण डोक्याच्या मधोमध ठेवतात. तो कवटीच्या मागे हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्याखाली गेला पाहिजे, मानेच्या खळगीच्या जरा वर. तिथे तो अडकतो, वर सरकत नाही. मग डोक्यावरची पट्टी आवळा, इतकी की पुढचा डबा थोडा वर उचलला जाईल आणि गालांवरची गादी त्वचेला नुसती टेकेल. बाजूच्या पट्ट्या सगळ्यात शेवटी, आणि जेमतेम. गालाखाली करंगळी सहज सरकली पाहिजे. नंतर मान ‘हो’ आणि ‘नाही’ अशी हलवा आणि मेनूतली बारीक अक्षरं वाचा. अक्षरं वर किंवा खाली बघितल्यावरच स्पष्ट होत असतील तर डबा डोळ्यांच्या रेषेत नाही. अशा वेळी हेडसेटवरच्या चाकाने डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर कमीजास्त करत बसू नका. डोक्यावरची पट्टीच एखाद सेंटिमीटर हलवा.

आडवं पडून सिनेमा बघायचा, प्रवासात पिशवीत कोंबायचा, तर याच पट्ट्याला तोड नाही. उशीवर डोकं टेकताना मागे काहीही टोचत नाही. दुसरा पट्टा घेतला तरी हा फेकू नये.

एलिट पट्टा

मेटाचा स्वतःचा एलिट पट्टा म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या बाजू, मागे फिरवायचं चाक आणि डोक्याच्या मागच्या फुगीर भागाला धरणारी वाटी. बॅटरी असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार मिळतात. घालणं-काढणं झटपट होतं आणि वाटी उंचवट्याखाली बरोबर बसते, त्यामुळे डबा घसरत नाही. दणादण हालचालींच्या खेळांना बॅटरी नसलेला एलिट चांगला.

पण त्याची पकड पुढून-मागून चिमटा घेतल्यासारखी आहे. कपाळावर स्वतंत्र टेकू नसल्यामुळे चाक जितकं फिरवाल तितका चेहऱ्यावरचा दाब वाढतो. ज्यांची तक्रार मानेची आहे त्यांना बॅटरीच्या एलिटने फरक पडतो. ज्यांच्या गालावर वळ उठतात त्यांना फारसा पडत नाही, आणि ही किंमत बघता ते खटकतं. प्लॅस्टिकच्या मजबुतीबद्दल जुन्या ग्राहकांच्या मनात शंका आहे तीही निराधार नाही: क्वेस्ट २ च्या एलिट पट्ट्याला तडे जात असल्याच्या तक्रारींनंतर २०२० मध्ये कंपनीने त्याची विक्री काही काळ थांबवली होती. पट्टा कोणताही असो, चाक पूर्ण सैल करूनच डोक्यातून काढा. आवळलेल्या अवस्थेत बाजू ताणून ओढण्याची सवय कडक पट्ट्यांचा जीव घेते.

कपाळावर भार घेणारे पट्टे

गालाचा त्रास असेल तर इथे वळा. बोबोव्हीआरचा एम३ प्रो आणि त्या जातीचे इतर पट्टे डोक्याच्या वरच्या-पुढच्या भागावर रुंद गादी टेकवतात, मागे चाक आणि वाटी असते, आणि डबा त्या चौकटीला टांगलेला राहतो. भार हाडावर जातो. चेहऱ्याची गादी उजेड अडवण्यापुरती उरते.

एम३ प्रोची मागची बॅटरी चुंबकाने चिकटते आणि खेळ चालू असताना बदलता येते. तिची क्षमता ५२०० मिलीअॅम्पिअर-तास, म्हणजे १९ वॉट-तासांच्या आसपास. क्वेस्ट ३ च्या आतल्या बॅटरीइतकीच. व्होल्टेज बदलताना ऊर्जा वाया जाते ती धरून दीड तासाची भर पडते. बॅटरी हेच मागचं वजन, त्यामुळे मुद्दाम काही लटकवावं लागत नाही. बसून किंवा उभं राहून, शांत हालचालीच्या वापरासाठी आमची पसंती निःसंशय हीच.

दोष सांगायला हवेत. सोफ्याच्या उंच पाठीला डोकं टेकलं की बॅटरी पुढे ढकलली जाते आणि डबा नाकावर उतरतो. झोपून बघणं अशक्य. अंबाडा बांधणाऱ्यांना वाटीची जागा आणि अंबाडा एकमेकांच्या आड येतात. वेणी किंवा मानेच्या खाली सैल बांधलेले केस चालतात. कपाळावरची गादी केसांच्या रेषेच्या अगदी कडेला बसवली तर तासाभरात तिथे ठणकतं, म्हणून ती केसांच्या रेषेपासून बोटभर खाली, कपाळाच्या सपाट भागावर आणा. चुंबकाच्या संपर्काच्या टाचण्यांवर घाम सुकून क्षार जमतात आणि चार्जिंग मधूनच तुटतं. कोरड्या सुती कापडाने पुसल्या की सहसा चालू होतं. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत हे पुसणं प्रत्येक वापरानंतरचं काम समजा.

बसवण्याचा क्रम कापडी पट्ट्यापेक्षा वेगळा आहे. चाक पूर्ण सैल करा, आधी कपाळाची गादी टेकवा, मग मागची वाटी उंचवट्याखाली ओढा, आणि चाक फक्त चौकट डोक्यावर स्थिर होईपर्यंत फिरवा. या टप्प्यावर डबा चेहऱ्याला लागलेलाही नसावा. त्यानंतरच तो खाली कलवून चेहऱ्याजवळ आणा. उलट क्रमाने, म्हणजे डबा चेहऱ्याला दाबून मग चाक फिरवलं, तर या पट्ट्याचाही एलिट होतो आणि ‘एवढे पैसे घालून काही फरक नाही’ असे अभिप्राय त्यातूनच येतात.

पट्टा घेण्याआधी नाण्यांची चाचणी

आपल्याला मागे किती वजन मानवतं हे खरेदीआधी घरीच कळू शकतं. दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं. तेरा नाणी म्हणजे शंभर ग्रॅम, सव्वीस म्हणजे दोनशे. जुन्या मोज्याचा बोटांकडचा बंद भाग कापून घ्या, त्यात नाणी भरा, रबर लावून घट्ट गुंडाळा, म्हणजे ती खुळखुळणार नाहीत, आणि व्हेलक्रोच्या पट्टीने वाय फाट्याच्या मध्यावर बांधा. पोटली शक्य तितकी चपटी आणि खाली ठेवा; वर गेली की डबा गालावर आदळतो. शंभर ग्रॅमवर वीस मिनिटं वापरा, मग दोनशेवर. दोनशेने मान हलकी झाली तर बॅटरीचा पट्टा उपयोगाचा. शंभरनेच काम भागत असेल किंवा मान वळवताना मागचं वजन जाणवून अस्वस्थ वाटत असेल, तर बॅटरी नसलेला पट्टा घ्या आणि पैसे वाचवा.

नाण्यांच्या जागी पॉवर बँक बांधणारे खूप आहेत, आणि उपाय चांगला आहे. क्वेस्ट ३ ची आतली बॅटरी १९.४४ वॉट-तासांची, आणि कंपनी सरासरी २.२ तासांचा वापर सांगते. म्हणजे खर्च साधारण ९ वॉट. त्यामुळे ५ व्होल्ट २ अॅम्पिअरची, १० वॉटची पॉवर बँक चार्जिंगचा टक्का जेमतेम टिकवते, आणि जड खेळात तोही खाली येतो. टाइप-सी पीडी (जलद चार्जिंगची सोय) असलेली, १८ वॉट किंवा वरची घ्या. दहा हजार मिलीअॅम्पिअर-तासांची बँक सहसा दोनशे ग्रॅमच्या आसपास असते आणि तीन तासांहून थोडी जास्त साथ देते. पाच हजारची साधारण निम्म्या वजनाची. तार वीस-तीस सेंटिमीटरची, एका टोकाला काटकोनी पिनची. लांब तार कानामागे लोंबते, हात अडकतो, आणि झटका बसतो तो थेट चार्जिंगच्या पोर्टला. पोर्ट सैल झालं तर दुरुस्ती फार महाग पडते, म्हणून तार बाजूच्या दांड्याला व्हेलक्रोने बांधलीच पाहिजे. बँक कापडी खोळीत ठेवा, पण खोळीला हवा लागू द्या. मानेला चटका बसण्याइतकी ती तापत असेल किंवा जराही फुगली असेल तर ताबडतोब बाजूला काढा. विमानात ही बँक आणि पट्ट्याची सुटी बॅटरी दोन्ही हातातल्या सामानातच, चेक-इनच्या बॅगेत नाही.

चेहऱ्याची गादी: ठेवायची की काढायची

चेहऱ्याचा फोम आणि त्याची चौकट ओढून सहज निघते. कपाळावर भार घेणारा पट्टा असेल तर ती काढून उघड्या चेहऱ्याने वापरता येतं. वजन थोडंच उतरतं, पण गालावरचा दाब शून्य होतो, हवा खेळती राहते, लेन्सवर वाफ धरत नाही, आणि डोळे लेन्सच्या जवळ आल्यामुळे दृश्याची कड रुंदावते. व्हर्च्युअल पडद्यावर काम करताना खाली कीबोर्ड आणि चहाचा कप दिसत राहतो, ही सोय मोठी आहे. अंधारातला सिनेमा मात्र फिका पडतो, कारण बाजूने उजेड शिरतो. खोलीतला दिवा घालवूनही चालत नाही: हाताच्या हालचाली ओळखायला कॅमेऱ्यांना उजेड लागतो.

धोके दोन. चष्मा लावणाऱ्यांनी गादी काढली तर चष्म्याची काच लेन्सला घासते आणि तो ओरखडा कायमचा. हेडसेटच्या आत बसणाऱ्या नंबरच्या काचा करून घ्याव्यात, नाहीतर गादी ठेवून तिच्या आतली खोली वाढवावी. क्वेस्ट ३ च्या गादीला चार पायऱ्या दिलेल्या आहेत. दुसरा धोका उन्हाचा. लेन्स भिंगासारखी काम करते आणि खिडकीतून आलेला सूर्यप्रकाश काही क्षणांत पडदा जाळतो. गादी असते तेव्हा निदान थोडी सावली मिळते. ती काढल्यावर हेडसेट गॅलरीजवळच्या टेबलावर उलटा पडलेला राहू नये. गादी काढल्यावर पडदा मध्येच बंद होत असेल तर हेडसेट डोक्यावर आहे हे ओळखणाऱ्या, दोन लेन्सच्या मधल्या सेन्सरपासून कपाळ लांब राहतंय. डबा थोडा आत कलवा.

गादी ठेवणार असाल तर तिच्या कापडाकडे लक्ष द्या. जुलै २०२१ मध्ये क्वेस्ट २ चे सुमारे ४० लाख फोम अमेरिकेत परत घ्यावे लागले, कारण अनेकांच्या चेहऱ्यावर पुरळ आणि खाज येत होती. कंपनीने त्यावर सिलिकॉनचं आवरण फुकट दिलं. सिलिकॉन धुता येतं, दोघा-तिघांनी वापरायच्या हेडसेटला तेच योग्य. पण घाम शोषत नसल्यामुळे ते त्वचेवरून घसरतं आणि मग हात आपोआप चाकाकडे जातो. एकट्याने वापरायचं तर जाळीदार कापडाचा फोम बरा, दोन नग घ्यावेत, एक धुवायला एक वापरात.

हेडसेटच उघडून पंखा किंवा उष्णता पसरवणारे पत्रे काढून वजन उतरवण्याचे सल्ले वाचायला मिळतात. ते पाळू नका. काही ग्रॅमसाठी चिप तापते, चित्र अडखळतं, आणि पुढच्या भागात लिथियम बॅटरी आहे.

खरोखर हलके हेडसेट

पट्ट्यांची डागडुजी नको असेल तर मुळात हलका हेडसेट घ्यायचा पर्याय आहे. बिगस्क्रीन बियाँड २०२३ मध्ये १२७ ग्रॅमवर आला, आणि २०२५ चा बियाँड २ त्याहून खाली, १०७ ग्रॅमवर. इतक्या वजनाला कापडी पट्टा पुरतो, मागे काही लावायची गरज उरत नाही. पण त्यात ना बॅटरी ना प्रोसेसर: तारेने जोडलेला ताकदवान संगणक लागतो, खोलीत बेस स्टेशन (हालचाल मोजायला लागणारे छोटे खोके) लावावी लागतात, हातातले कंट्रोलर वेगळे घ्यावे लागतात. क्वेस्ट ३ च्या पट्ट्यावर खर्च करायचा की हे सगळं उभं करायचं, ही तुलना घरात आधीच संगणक आणि बेस स्टेशन असणाऱ्यांनीच करावी. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी विमानाच्या किंवा गाडीच्या सिम्युलेटरसाठी बेलाशक बियाँड २ घ्यावा.

व्हॉल्वने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेला स्टीम फ्रेम मधला रस्ता धरतो. एकूण ४४० ग्रॅम, पण त्यातला चेहऱ्यासमोरचा गाभा फक्त १८५ ग्रॅमचा, आणि बॅटरी पट्ट्यातच, डोक्यामागे. पिको ४ ने हीच मांडणी आधी केली होती: पट्ट्यासकट ५८६ ग्रॅम, पट्टा वगळला की समोर २९५. क्वेस्ट ३ च्या खरेदीदाराला जे वेगळे पैसे मोजून जोडावं लागतं ते या दोघांत खोक्यातूनच येतं, आणि मेटाने पुढच्या हेडसेटमध्ये बॅटरी मागे न नेण्याला आता काही सबब उरलेली नाही.

ज्यांच्याकडे क्वेस्ट ३ आहेच त्यांनी आधी कापडी पट्टा वर सांगितल्याप्रमाणे बसवावा, मग नाण्यांची चाचणी घ्यावी. गाल दुखत असतील तर कपाळावर भार घेणारा पट्टा, नुसती मान दुखत असेल आणि हालचाल कमी असेल तर मागे बॅटरी, व्यायामासाठी बॅटरीविना एलिट. मानेतून हाताकडे मुंग्या येत असतील किंवा हेडसेट काढल्यावरही दुखणं राहत असेल तर कोणताच पट्टा घेऊ नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.